मंदार म्हणजे रुई की जास्वंद?

दोन्ही! आपल्याकडे मंदार म्हणजे रुई, पण तेलुगूत 'मंदारम्' म्हणजे चक्क जास्वंद. हैदराबादच्या शेजारीणबाईंकडे मी मंदाराची फुलं मागितली, तर त्यांनी परडीभर लालभडक जास्वंदी आणून दिल्या. गणपती दोन्हींवर खूश, म्हणून निभावलं.

जास्वंदीचं संस्कृत नाव 'जपा' किंवा 'जवा', तीच बंगालीत 'जबा' झाली; कालीच्या गळ्यातला हार तिचाच. मला सर्वांत आवडतं ते तमिळ 'सेंबरुत्ती': सें म्हणजे लाल, परुत्ती म्हणजे कापूस. लाल कापूस! कपाशीचं फूल जवळून पाहा, मधला केसरांचा दांडा अगदी जास्वंदीसारखा. कुळ एकच. जास्वंदीचं वनस्पतिशास्त्रातलं नाव 'रोझा-सायनेन्सिस' मात्र तिला चीनचा गुलाब म्हणतं, आणि गुलाबाशी हिचं काहीएक नातं नाही.