गूगल कॅलेंडर एपीआय: सगळे इव्हेंट येत नाहीत, मदत हवी आहे

त्रस्त_सेक्रेटरी: सोसायटीच्या हॉलचं बुकिंग गूगल कॅलेंडरवर आहे, त्यातून वर्षाची यादी काढायचीये, एपीआय (प्रोग्रॅममधून कॅलेंडर वाचायची सोय) वापरून पायथनमध्ये कोड लिहिला, एरर काही नाही पण यादी अर्धवट येते, कॅलेंडर उघडलं की सगळं दिसतं. रविवारी एजीएम (वार्षिक सभा) आहे. लवकर सांगा प्लीज

बोरूबहाद्दर: अर्धवट म्हणजे किती? कोड टाका की. इथे कोणी ज्योतिषी नाही.

कोकणी_कोडर: बरोब्बर 250 येतायत का?

त्रस्त_सेक्रेटरी: हो!! 250

कोकणी_कोडर: मग यादी पानापानाने येतेय आणि तुम्ही पहिलंच पान वाचताय. उत्तरात नेक्स्टपेजटोकन (पुढच्या पानाची खूण) असतो, तो पुढच्या कॉलला पेजटोकन म्हणून द्या, बाकीचे पॅरामीटर तेच ठेवा, टोकन यायचा थांबेपर्यंत लूप.

झटपट: एवढी उठाठेव कशाला, मॅक्सरिझल्ट्स (एका पानावर जास्तीत जास्त किती इव्हेंट) 2500 करा, विषय संपला. माझं मस्त चाललंय.

कोकणी_कोडर: 2500 च्या वर गेलात की परत तेच रडगाणं. शिवाय पान रिकामं येऊनही पुढे टोकन असू शकतो, त्यामुळे इव्हेंट मोजून लूप तोडू नका.

अंजूताई: कॅलेंडर शेअर करायचं असेल तर सेटिंगमध्ये जाऊन समोरच्याचा ईमेल टाकायचा, सोप्पं आहे 🙂

त्रस्त_सेक्रेटरी: शेअर नाही करायचंय हो ताई. लूप लावला, आकडा वाढला, पण मंगळवारचा योगावर्ग अख्ख्या वर्षात एकदाच दिसतोय आणि गणपतीचे दिवस गायब

बोरूबहाद्दर: गणपती 'ऑल डे' टाकलेत ना? हे आधी सांगायचं असतं!

कोकणी_कोडर: ऑल डे ला स्टार्टमध्ये डेटटाइम नसतो, नुसता डेट असतो, तुमचा कोड तो गाळतोय. आणि एंडची तारीख धरायची नाही, ती पुढच्या दिवसाची असते, नाहीतर एका दिवसाचं भाडं जास्त लावाल. योगासाठी सिंगलइव्हेंट्स ट्रू, म्हणजे दर आठवड्याचा वर्ग सुटा सुटा येईल, सोबत टाइममिन-टाइममॅक्स (कधीपासून कधीपर्यंत), वेळेपुढे +05:30 (भारतीय वेळ) हवंच. यूआरएल हाताने जोडत असाल तर तो प्लस एन्कोड करा (%2B लिहा), नाहीतर त्याची स्पेस होते.

सिंकवाला: सिंकटोकन वापरा, मागच्या वेळेनंतरचे बदलच येतात. दरवेळी सगळं ओढणं म्हणजे अडाणीपणा.

बोरूबहाद्दर: अहो त्यांना एकदाच यादी हवीये! आणि सिंकटोकनसोबत टाइममिन चालत नाही, टोकन शिळा झाला की 410 एरर येतो आणि परत पहिल्यापासून सगळं ओढा.

सिंकवाला: दरवर्षी एजीएम असते, साहेब.

झटपट: नाहीतर सरळ आयसीएस (कॅलेंडरची फाइल) एक्सपोर्ट करा.

कोकणी_कोडर: त्यातही योगावर्ग एकदाच येईल, 'दर मंगळवारी' या नियमासकट.

पेठेतला: एक मिनिट, गणपतीला हॉलचं भाडं घेता??

त्रस्त_सेक्रेटरी: भाडं नाही हो, फक्त लाइटबिल. योगावर्ग आला सगळा 🙏 आता रद्द झालेली बुकिंग कुठे सापडतील, डिपॉझिट परत द्यायचंय

कोकणी_कोडर: शोडिलीटेड ट्रू करून बघा, स्टेटस कॅन्सल्ड असेल. जुनी मिळतीलच असं नाही, पावतीपुस्तक काढून ठेवा.

पेठेतला: लाइटबिल तरी का घेता?