आईची टॅमॉक्सिफेन 6 वर्षांपासून सुरू आहे, आता सरळ रेघ वाकडी दिसून रायली

दारव्ह्याचा_पोरगा:
नमस्कार मंडळी. आमच्या आईले स्तनाचा कॅन्सर झाला होता, ऑपरेशन झालं, किमो झाली, तेव्हापासून टॅमॉक्सिफेन 20 मिलीग्रॅमची रोज एक गोळी. आता दोन महिन्यांपासून ते म्हणते का कपाशीचं सरळ तास मधातच वाकडं दिसते, अन् तूर निवडताना मधातला दाणाच दिसत नाही. तालुक्याच्या चष्मेवाल्याने दोनदा नंबर बदलून दिला, काहीच फरक नाही. शिबिरात मोतीबिंदूची सुरुवात आहे म्हणे, पण गोळी कोणती सुरू आहे हे कोणीच विचारलं नाही. गोळीने डोळे जातात का? बंद करू का? लय भेव वाटते.

वर्धेची_लेक:
दादा, गोळी आपल्या मनाने अजिबात बंद नका करू, कॅन्सर परतू नये म्हणून ते आहे. माझ्या मावशीले हेच झालं होतं, डोळ्याच्या आतल्या पडद्यावर बारीक चमकणारे कण अन् मधात सूज निघाली. तिची पाळी कधीचीच गेली होती म्हणून कॅन्सरच्या डॉक्टरने ते बदलून लेट्रोझोल ही दुसरी गोळी दिली. सूज उतरली, कण मात्र तसेच आहेत. आता पोथी वाचते, पण आधीसारखं बारीक नाही दिसत.

नेत्र_तंत्रज्ञ:
मी डोळ्यांच्या दवाखान्यात तपासणीचं काम करतो. टॅमॉक्सिफेनमुळे पडद्याला इजा होते हे 1978 पासून माहीत आहे, तेव्हाचे पेशंट आजच्यापेक्षा कितीतरी मोठ्या डोसवर होते. 20 च्या डोसवर हे कमी जणांना होतं, पण होतं. 6 वर्षांत आईच्या पोटात जवळपास 44 ग्रॅम औषध गेलंय, तो हिशोब डॉक्टरला सांगा. मोतीबिंदूही या गोळीने होऊ शकतो, पण मोतीबिंदूत धूसर दिसतं, सरळ रेघ वाकडी दिसत नाही, वाकडी दिसली की पडद्याच्या मधल्या भागाची शंका घ्यायची. बाहुली मोठी करून तपासणी आणि ओसीटी स्कॅन (पडद्याच्या थरांचा फोटो) करा, स्कॅनला दुखत नाही. शुगरही तपासा, मधुमेहानेही अशीच सूज येते.

घरी आज एवढं करा, पोरांची गणिताची चौकटीची वही घ्या, मधात एक ठिपका काढा, जवळचा चष्मा लावून एक डोळा झाकून ठिपक्याकडे पाहायला सांगा. रेघा वाकड्या किंवा गायब दिसल्या तर थांबू नका.

दारव्ह्याचा_पोरगा:
आताच केलं. दोन्ही डोळ्याने मधातल्या रेघा वाकड्या, उजव्याने जास्त.

वर्धेची_लेक:
मग उद्याच निघा. कॅन्सरची पूर्ण फाईल अन् गोळीचं पाकीट सोबत ठेवा, डोळ्याच्या डॉक्टरले विचारायच्या आधीच दाखवा. बाहुली मोठी करायचे थेंब टाकल्यावर आईले चार-पाच तास उन्हाचा त्रास होते, गाडीवर नका आणू, एसटीनेच या.

दारव्ह्याचा_पोरगा:
हो ताई. कॅन्सरच्या डॉक्टरले फोन लावला, गोळी सुरूच ठेवा अन् रिपोर्ट पाठवा म्हणाले. सकाळच्या पहिल्या एसटीने नागपूरले नेतो. आई म्हणते दिसलं नाही तरी चालते, पण तुरीचं निवडणं राहिलं आहे.