लाँग ट्रेकसाठी मापाची सॅक: अनुभव लिहा

कातळकडा
पाऊस ओसरला, माळ्यावरच्या सॅक खाली यायला लागल्या. त्यात जुनी खाकी कॅनव्हासची हॅवरसॅक दिसली आणि हा धागा काढावासा वाटला. तिला ना फ्रेम ना कमरेचा पट्टा, सगळं ओझं दोन खांद्यांवर. आता दुकानात एवढे पर्याय आहेत, तरी रविवारी परतीच्या कसारा लोकलमध्ये खांदे चोळत बसलेली मुलं दिसतातच. सॅक घेताना लिटर बघतात, पाठ कुणी मोजत नाही.

उंचीवरून पाठ कळत नाही. मान पुढे झुकवली की मागे जो मणका सगळ्यात वर येतो, तिथून टेप लावायची. हात कमरेवर, अंगठे मागे. कमरेच्या हाडाचा वरचा कंगोरा बोटांना लागतो. दोन्ही अंगठ्यांना जोडणारी रेघ कण्यावर जिथे येते, तिथवर मोजायचं. एकट्याने नीट होत नाही, घरातल्या कुणाला तरी टेप धरायला लावा. ४३ ते ४८ सेंमी हा साधारण मीडियम. पण प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा, तो बघूनच घ्या.

जाणकारांनी भर घाला.

डोंबिवलीकर
+१. रिकामी सॅक घालून आरशात बघण्यात काही अर्थ नाही. दुकानात वजनाच्या पिशव्या मागा, नसतील तर दोर, तंबू, जे असेल ते भरा. ८ ते १० किलो हवेच. मग सगळे पट्टे सैल करायचे आणि आधी कमरेचा पट्टा. तो कंगोऱ्यावर मधोमध बसला पाहिजे, अर्धा वर अर्धा खाली. बेंबीवर आला तर पोट आवळतो. त्यानंतर खांद्याचे पट्टे, पण नुसते टेकतील एवढेच. मग खांद्यावरून सॅककडे जाणारे छोटे पट्टे, लोड लिफ्टर, साधारण ४५ अंशात. शेवटी छातीचा, गळ्याच्या हाडाखाली दोन-तीन बोटं. हा फार आवळला की चढावर श्वास पुरत नाही. एवढं झालं की १५-२० मिनिटं जिने चढा-उतरा. दुकानदार बघेल, बघू दे.

रानजाई
डोंबिवलीकर, लोड लिफ्टरबद्दल एक. ते जोरात ओढले की खांद्याच्या पुढच्या बाजूला पट्टा रुततो आणि हाताला मुंग्या येतात. लोक म्हणतात सॅक वाईट. सॅक बरी असते, ओढणं जास्त झालेलं असतं.

बायकांसाठी वेगळी सॅक हा फक्त रंगाचा मामला नाही. पाठीची लांबी कमी, खांद्याचे पट्टे जवळजवळ आणि छातीला वळसा घालणारे, कमरेचा पट्टा तिरका. अरुंद खांद्यांच्या मुलग्यांनाही ती कित्येकदा चपखल बसते. लाजू नका.

निवडुंग
किती लिटरची घ्यावी? डिसेंबरात हरिश्चंद्रगड, एक मुक्काम.

डोंबिवलीकर
४० पुष्कळ. तंबू आणि स्वयंपाकाचं सामान वाटून घ्या. हिमालयात स्वतःचं ओझं स्वतः न्यायचं असेल तर ५० ते ६०. मोठी घेतली की ती भरली जातेच, हा नियम समजा. भरलेली सॅक आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत हवी; ६० किलोच्या माणसाला १२ किलो. पाणी त्यातच धरा, ३ लिटर म्हणजे ३ किलो.

निवडुंग
धन्यवाद दादा. पाचनईने जावं की खिरेश्वरहून?

कातळकडा
पहिल्यांदा असेल तर पाचनई, वाट छोटी. खिरेश्वरहून टोलार खिंडीची वाट लांब, वर कातळटप्पा आहे, रेलिंग लावलंय. तिथे ओझं मागे खेचतं. म्हणून जड वस्तू पाठीला चिकटून, पण नेहमीपेक्षा थोड्या खाली भरा. एरवी सपाटीवर आणि मळलेल्या वाटेवर जड सामान खांद्याच्या पात्यांमध्ये, स्लीपिंग बॅग तळाला. बाहेर पातेली-मॅट लटकवू नका, कारवीत अडकतात.

चिमणीकडा
अलंग-मदन-कुलंग हे कड्यांचे किल्ले करणाऱ्यांनी पाठीला जाळी ताणलेल्या सॅक टाळा. हवा खेळते हे खरं, मुंबईच्या घामाला बरं वाटतं. पण जाळीच्या पोकळीमुळे ओझं पाठीपासून लांब जातं आणि कड्यावर तोल बाहेर झुकतो. तिथे पाठीला सपाट चिकटणारी, अरुंद सॅक हवी.

मुलुंडची मावशी
माझ्या सॅकचं आतलं अस्तर चिकट झालंय, पापुद्रे सुटतायत. काही उपाय?

रानजाई
मावशी, तो पीयूचा, म्हणजे पाणी अडवणाऱ्या पॉलियुरेथेनचा थर. आपल्याकडच्या दमट हवेत हळूहळू खराब होऊन सुटतो, तोच परत बसवता येत नाही. आता आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घाला, तोंडाला पीळ देऊन दुमडा. तसंही रेनकव्हरवर विसंबून चालत नाही: पाणी पाठीवरून ओघळतं आणि कव्हरच्या तळाशी साचतं. नवीन घेतलीत की मशिनमध्ये धुऊ नका. साध्या साबणाने हाताने धुवा, चेन उघड्या ठेवून सावलीत उलटी टांगा, आणि प्लास्टिकमध्ये बांधून माळ्यावर टाकू नका. कपाटाच्या बाहेर टांगलेली बरी.

मुलुंडची मावशी
बरं गं. फ्लॅटमध्ये टांगायला जागा कुठाय हा वेगळा धागा!

लोकलप्रवासी
जागेवरून आठवलं. गर्दीत चढताना कमरेचा पट्टा मागे वळवून सॅकभोवतीच बकल लावा, नाहीतर कुणाच्या तरी पायात अडकतो आणि बकल तुटतं. जास्तीचं बकल घेताना पट्टीची रुंदी मोजून न्या, २५ आणि ३८ मिमी एकमेकांना बसत नाहीत. शिवायचं नाही असं मिळतं, एका बाजूला फट असते, पट्टी त्यातून सरकवता येते.

चिमणीकडा
हे उपयोगी. ३८ वालं दादरला मिळेल का?

लोकलप्रवासी
बॅगा दुरुस्त करणाऱ्यांकडे विचारा. जुनं बकल सोबत न्या, तोंडी माप सांगू नका.