विधी प्राध्यापकाचे संशोधन: न्यायनिर्णय वाचून लिहिलेले पुरेसे धरावे का?

प्रश्न (सहायक प्राध्यापक, ठाणे)
मी ठाण्यातील एका विधी महाविद्यालयात मालमत्तेचा कायदा शिकवतो. पदोन्नतीसाठी शोधनिबंध हवे आहेत आणि सिडकोच्या साडेबारा टक्के योजनेवर, म्हणजे नवी मुंबईसाठी जमीन गेलेल्यांना त्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड देण्याच्या योजनेवर, लिहावे असे मनात आहे. सहकाऱ्यांचे म्हणणे असे, की प्रश्नावली भरून घेतल्याशिवाय आजकाल त्याला कोणी संशोधन म्हणत नाही. त्यातच यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) फेब्रुवारी 2025 मध्ये केअर यादी, म्हणजे मान्य नियतकालिकांची यादी, बंद केल्याचे जाहीर केल्यापासून कोणते नियतकालिक ग्राह्य धरावे, याबद्दल आमच्याकडे एकमत नाही. उलट पैसे भरताच आठवड्यात निबंध छापून देणाऱ्यांचे निरोप मात्र व्हॉट्सॲपवर रोज येतात. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (निवृत्त प्राध्यापक, नेरुळ)
प्रश्नावलीचा आग्रह मला पटत नाही. मथुरा खटल्यात, म्हणजे मथुरा नावाच्या मुलीवर पोलीस ठाण्यात झालेल्या बलात्काराच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने दोन पोलिसांना निर्दोष सोडले, तेव्हा 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यात सर्वेक्षण नव्हते. न्यायनिर्णयाचे बारकाईने वाचन होते आणि निमूटपणे सहन करणे म्हणजे संमती नव्हे, हा मुद्दा होता. पुढे 1983 मध्ये फौजदारी कायदा बदलला आणि कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात संमतीबाबतचे गृहीतक पीडितेच्या बाजूने झाले. बदल एकट्या पत्राने घडला नाही, त्यामागे स्त्री संघटनांचे आंदोलन होते. तरी त्या आंदोलनाला युक्तिवाद पुरवला तो अध्यापकांनीच. आपल्याकडे न्यायनिर्णयांवरचे लेखन फिके पडते, याचे कारण पद्धत नसून दहा उतारे जोडून खाली ‘म्हणून कायदा सुधारावा’ असे लिहिण्याची सवय आहे. नियतकालिकाचे म्हणाल, तर त्याचे मागील चार अंक वाचा. संपादक मंडळातील माणसे त्या विषयात स्वतः लिहितात का, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते.

उत्तर २ (वकील, सीबीडी बेलापूर)
सर, योजनेचा इतिहास पुन्हा लिहू नये, ही विनंती. 1984 चे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलन, जासई-दास्तान फाट्यावरचा गोळीबार, आणि साडेबारातून सामाजिक सुविधांसाठीची कपात वजा जाता हाती येणारे पावणेनऊ टक्के, हे बऱ्याच ठिकाणी आलेले आहे. माझ्या टेबलावर येतो तो प्रश्न निराळा. भूसंपादनाच्या निवाड्यात नाव एका खातेदाराचे असते, भूखंडाची सोडत होईपर्यंत तो हयात नसतो, आणि मग त्याचे मुलगे आपल्या बहिणींकडून हक्कसोडपत्र घेतात किंवा वारस दाखल्याच्या अर्जात बहिणींची नावेच गाळतात. भाडेपट्ट्याने मिळालेला हा भूखंड म्हणजे गेलेल्या वडिलोपार्जित जमिनीचा मोबदला, की नव्याने झालेले वाटप? पहिले मानले तर सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या विनीता शर्मा निर्णयाने वडिलोपार्जित मालमत्तेतील मुलीच्या जन्मसिद्ध हक्काबद्दल सांगितलेले इथपर्यंत पोहोचते. दुसरे मानले तर वाद वेगळ्या वाटेने जातो. यावर कोणी नीट लिहिले, तर आम्ही ते न्यायालयात घेऊन उभे राहू.

उत्तर ३ (ग्रंथपाल, वाशी)
सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय 2023 पासून ई-एससीआर या न्यायालयाच्याच संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात; संदर्भ देताना तटस्थ उद्धरण क्रमांक, म्हणजे न्यायालयानेच निर्णयाला दिलेला क्रमांक, द्यावा, म्हणजे वाचकाला महागड्या संग्रहाची वर्गणी भरावी लागत नाही. साम्य तपासणीबद्दल, म्हणजे निबंधातील मजकूर इतरांच्या लेखनाशी किती जुळतो हे सॉफ्टवेअरने पाहण्याबद्दल, अनेक अध्यापक विनाकारण घाबरतात. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडनीय नाही, आणि श्रेय देऊन घेतलेले उतारे व कायद्याचा मजकूर मोजणीतून वगळण्याची तरतूद आहे. सॉफ्टवेअर ते आपोआप वगळत नाही, म्हणून अहवाल काढणाऱ्याला तसे आधी सांगावे लागते.

प्रश्नकर्ता
सर्वांचा आभारी आहे. बहिणींच्या हक्काचा प्रश्न घेतो. वकीलसाहेब, पक्षकारांची नावे झाकून अशा दोन-तीन दाव्यांतील कैफियती वाचायला मिळतील का? शनिवारी बेलापूरला येऊ शकतो.