मदत हवी आहे : १९४१ च्या बेसबॉल सीझनचे टॉप ५ कसे काढायचे? (अर्जंट)

आकडेमोड_पुणे :
लोकहो पटकन सांगा, शुक्रवारी सबमिशन आहे. १९४१ च्या सीझनमधले पाच सर्वोत्तम खेळाडू काढायचेत आणि क्रम का तसा लावला ते पटवून द्यायचंय. डेटा उतरवून घेतलाय, बाकी सगळं चालतंय, पण ऑन-बेस (बॅटिंगला आल्यावर किती वेळा बेसवर पोचला ते प्रमाण) काढायला गेलं की सगळ्यांचंच रिकामं येतं, एकाचाही आकडा येत नाही, फॉर्म्युला बरोबर आहे, नेटवर बघूनच टाकलाय. दुसरं म्हणजे ग्रुपमधले बाकीचे दोघं म्हणतायत की डिमॅजिओ एक नंबर, विषय संपला, सलग ५६ मॅचमध्ये हिट (बॉल मारून बेस गाठणं) आहे. मला टेड विल्यम्स वरचा वाटतो, .४०६ अ‍ॅव्हरेज (हिट भागिले बॅटिंगचे चान्स) म्हणजे काय खायचं काम आहे का. कोण बरोबर?

डेटावाला :
कशात करतोयस, एक्सेल की पायथॉन? डेटा कुठून घेतला? अमेरिकन लीग, नॅशनल लीग (अमेरिकेतल्या दोन मोठ्या लीग) की दोन्ही? पिचर (बॉल टाकणारे) धरायचेत का नाही? आणि 'सर्वोत्तम' म्हणजे तुमच्या सरांनी नक्की काय लिहून दिलंय ते जसंच्या तसं टाक. याशिवाय कोणी काय सांगणार?

फेनवेप्रेमी :
विल्यम्स. मी बॉस्टनला राहते म्हणून म्हणत नाहीये. सीझनचा शेवटचा दिवस बघ, २८ सप्टेंबर, फिलाडेल्फियात एकाच दिवशी दोन मॅच. सकाळी याचं अ‍ॅव्हरेज होतं .३९९५५, म्हणजे तीन दशांश स्थळांपर्यंत धरलं तर .४०० झालंच होतं. मॅनेजर जो क्रोनिनने सांगितलं की हवं तर बाहेर बस. हा दोन्ही मॅच खेळला, ८ पैकी ६ हिट मारले आणि .४०६ वर सीझन संपवला. अजून काय पाहिजे?

न्यूजर्सीकर :
अजून पाहिजे ना, टीम जिंकायला पाहिजे. यांकीजनी (डिमॅजिओची टीम) १०१ मॅच जिंकल्या आणि रेड सॉक्स (विल्यम्सची टीम) १७ मॅच मागे राहिले. १५ मे ते १६ जुलै रोज उठून हिट मारायचा, दर दिवशी समोर नवा पिचर, पेपरवाले मागे, आणि सगळ्या देशाचं लक्ष तुझ्यावर. १७ जुलैला क्लीव्हलंडमध्ये थर्ड बेसवरच्या केन केल्टनरने दोन जबरदस्त फटके अडवले म्हणून ती मालिका थांबली, नाहीतर पुढे गेली असती. एमव्हीपी (लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा अवॉर्ड) पण डिमॅजिओलाच मिळाला, २९१ विरुद्ध २५४ पॉइंट. त्या काळच्या बेसबॉल पत्रकारांनी डोळ्यांनी बघून मतं दिलीत, आपण ऐंशी वर्षांनी कॉम्प्युटरवर बसून त्यांना शिकवायचं का?

फेनवेप्रेमी :
@न्यूजर्सीकर त्याच ५६ मॅचच्या काळात डिमॅजिओ .४०८ आणि विल्यम्स .४१२. म्हणजे ज्या काळासाठी एकाला डोक्यावर घेतलं त्याच काळात दुसरा थोडा वरच होता, फक्त मालिका नव्हती म्हणून बातमी झाली नाही. आणि वॉक (चार खराब बॉल पडले की फुकट मिळणारा बेस) कोण मोजणार? विल्यम्सचे १४७, डिमॅजिओचे ७६.

न्यूजर्सीकर :
वॉक मोजा, मग फिल्डिंग पण मोजा. डिमॅजिओ सेंटर फिल्डला, म्हणजे जास्त अवघड जागी, विल्यम्स लेफ्ट फिल्डला. यांकी स्टेडियमची डावी-मधली बाजू तेव्हा ४५७ फूट लांब होती, डिमॅजिओसारख्या उजव्या हाताने मारणाऱ्याचे कितीतरी होमरन (आपल्या सिक्सरसारखे) तिथे कॅच होऊन मेले. तरी ३० होमरन आणि अख्ख्या सीझनमध्ये फक्त १३ वेळा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद)!! हे कोणी करून दाखवा.

बाबारुथफॅन :
सीझनच बदला, १९२७ घ्या. बेब रुथचे ६० होमरन, डोकं लावायचं कामच नाही. आणि गंमत बघा, त्या वर्षीचा एमव्हीपी लू गेहरिगला मिळाला कारण आधी एकदा मिळालेल्याला अमेरिकन लीगमध्ये तेव्हा परत देत नसत आणि रुथला १९२३ मध्ये मिळून गेला होता. त्यामुळे अवॉर्ड बघून रँकिंग लावूच नका.

आकडेमोड_पुणे :
सीझन बदलता येत नाही हो, वाटून दिलेत. पायथॉन आहे, त्यातलं पांडाज. डेटा लाहमनचा (बेसबॉलच्या आकड्यांचा संग्रह). दोन्ही लीग, पिचर पण. सरांनी एवढंच लिहिलंय की 'सीझनचे पाच सर्वोत्तम, कारणांसह'. ऑन-बेसचं सांगा ना कोणीतरी आधी.

डेटावाला :
हे आधी लिहायचं की राव. एसएफ म्हणजे सॅक्रिफाइस फ्लाय (उंच मारून कॅच, पण त्यावर तिसऱ्या बेसवरचा धावून रन), त्याचा कॉलम १९४१ ला पूर्ण रिकामा आहे बघ. सॅक्रिफाइस फ्लायची वेगळी नोंद १९५४ पासून आहे, आणि तुझ्या फॉर्म्युल्यात खाली ती बेरजेत येते, रिकाम्यात काहीही मिळवलं की पांडाज रिकामंच देतं. त्या एका कॉलममध्ये रिकाम्या जागी शून्य भर, बाकी कॉलमना हात लावू नकोस. विल्यम्सचं हातानेच करून बघ, १८५ हिट, १४७ वॉक, ३ वेळा बॉल अंगावर लागला, बेरीज ३३५. भागिले ४५६ (वॉक वगैरे सोडून बॅटिंगचे चान्स) अधिक १४७ अधिक ३, म्हणजे ६०६. आलं .५५३. डिमॅजिओचं असंच .४४० येतं. शिवाय १९४१ मध्ये उंच मारून कॅच झाला आणि तिसऱ्या बेसवरचा धावून आला तरी बॅटरच्या नावावर तो चान्स फुकट गेला असाच धरत. म्हणजे आजच्या नियमाने विल्यम्सचं अ‍ॅव्हरेज .४०६ च्याही वर गेलं असतं.

मैदानी :
विक्रम मोठा की टीम हा वाद आपल्याकडे पण झालाय की. १९४८ ला पुण्यात भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध ४४३ वर नाबाद, ब्रॅडमनच्या ४५२ ला ९ कमी, आणि समोरच्या टीमने लंचला पुढे खेळायलाच नकार दिला. माणसाला टेस्ट पण मिळाली नाही. मला अजून राग येतो.

स्मिता_ठाणे :
निंबाळकरांसाठी वेगळा धागा काढा ना, मी पण लिहीन तिथे. इथे पोराची शुक्रवारची डेडलाइन आहे.

कॅन्सससिटीकर :
एक गोष्ट कोणीच बोलत नाहीये. १९४१ मध्ये या दोन्ही लीगमध्ये एकही काळा खेळाडू नव्हता, जॅकी रॉबिन्सन आला १९४७ ला. सॅचेल पेज तेव्हा कॅन्सस सिटी मोनार्क्सकडून पिचिंग करत होता, जॉश गिब्सन मेक्सिकोत खेळत होता. २०२० मध्ये एमएलबीने (मेजर लीग बेसबॉल, या दोन्ही लीग चालवणारी संस्था) १९२० ते १९४८ च्या निग्रो लीग (काळ्या खेळाडूंच्या वेगळ्या लीग) मेजर लीग म्हणून मान्य केल्या आणि २०२४ मध्ये आकडे पण एकत्र केले, आता एका सीझनच्या अ‍ॅव्हरेजचा विक्रम गिब्सनचा आहे, १९४३, .४६६. त्यामुळे 'विल्यम्स हा .४०० करणारा शेवटचा' असं रिपोर्टमध्ये सरसकट लिहू नकोस. आणि तुझ्या यादीत हे लोक का नाहीत हे वरतीच लिही, खाली बारीक अक्षरात नको.

आकडेमोड_पुणे :
आलं आलं, .५५३ आलं, @डेटावाला खूप आभार. कॅन्सस सिटीचं पण पहिल्याच पानावर टाकतो, हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. आता विल्यम्स एक, डिमॅजिओ दोन करतो, ग्रुपला हे आकडे दाखवतो. पण अ‍ॅव्हरेजच्या यादीत दुसरा सेसिल ट्रॅव्हिस येतोय .३५९ ने, डिमॅजिओ .३५७ म्हणजे तिसरा. तो कोण? आणि पिचर फेलरच ना? सगळ्यात जास्त २५ विजय.

न्यूजर्सीकर :
दोन?? ग्रुपचं ऐक.

डेटावाला :
ट्रॅव्हिस वॉशिंग्टनचा, बहुतेक मॅच शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधली फिल्डिंगची जागा), २१८ हिट, त्या वर्षी अमेरिकन लीगमध्ये सगळ्यात जास्त. होमरन फक्त ७. पुढे दुसऱ्या महायुद्धावर गेला, बल्जच्या लढाईत थंडीने पाय गारठले, परत आल्यावर तो खेळ राहिला नाही. माझ्या पाचात तो आहे, कारण शॉर्टस्टॉपला एवढी बॅटिंग मिळणं फार अवघड. पिचरचं म्हणशील तर विजयांवर जाऊ नकोस, विजय टीम किती रन काढते त्यावर पण असतात. फेलरचे ३४३ इनिंग, २६० स्ट्राइकआउट, ईआरए (दर नऊ इनिंगमागे पिचरच्या नावावर लागलेले रन, कमी तेवढं चांगलं) ३.१५. शिकागोच्या थॉर्नटन लीचे २२ विजय पण ईआरए २.३७ आणि ३० मॅच एकट्याने पूर्ण टाकल्यात. मी ली घेईन. नॅशनल लीगमधून कोण घेतोयस ते सांग, एमव्हीपी ब्रुकलिनचा कॅमिली होता, ३४ होमरन, पण ब्रुकलिनच्याच पीट रायझरने .३४३ ने अ‍ॅव्हरेजमध्ये पहिला नंबर काढला. या दोघांचं ऑन-बेस काढून इथे टाक, मग बघू.