परराष्ट्र सेवेत अधिकारी टिकत नाहीत, हे कितपत खरे?

कृष्णाकाठ
माझी भाची नागरी सेवेची मुख्य परीक्षा उत्तीर्ण झाली असून आता तिला सेवांचा पसंतीक्रम भरायचा आहे. भारतीय परराष्ट्र सेवा पहिल्या क्रमांकावर लिहायची, असा तिचा हट्ट आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की, तेथून माणसे राजीनामे देऊन बाहेर पडतात आणि जिल्हाधिकारीपदाची सर कशालाच येत नाही. त्यातच तिचे लग्न ठरले असून भावी जावई मिरजेत अस्थिरोगतज्ज्ञ आहेत. या सेवेतून लोक नेमके का बाहेर पडतात, हे जाणकारांनी सांगावे.

टपालथैली
निरनिराळ्या दूतावासांत सहायक म्हणून मी बरीच वर्षे काढली. राजीनाम्यांची रीघ लागलेली मी तरी कधी पाहिली नाही. खरे दुखणे संख्येचे आहे. संसदेच्या परराष्ट्र व्यवहारविषयक स्थायी समितीने २०२३ मध्ये नोंदवले की, मंत्रालयाच्या ४,८८८ मनुष्यबळात परराष्ट्र सेवेचे संख्याबळ अवघे १,०११ आहे. त्याच वर्षीच्या परीक्षेत प्रशासकीय सेवेसाठी १८० जागा होत्या आणि परराष्ट्र सेवेसाठी ३७. लहान दूतावासात एकच द्वितीय सचिव सकाळी पासपोर्टची खिडकी सांभाळतो, दुपारी तुरुंगात अडकलेल्या मजुराची कागदपत्रे घेऊन स्थानिक कार्यालयांत खेटे घालतो आणि रात्री शिष्टमंडळाला आणायला विमानतळावर उभा असतो. तो गेला तर त्याचे काम वाटून घ्यायला दुसरे कोणी नसते. शिवाय सरकारी खर्चाने अरबी किंवा चिनी शिकलेला अधिकारी दहा-बारा वर्षांनी खाजगी कंपनीत गेला, तर ती जागा जाहिरात देऊन भरता येत नाही.

मुक्काम पोस्ट
माझे यजमान या सेवेत आहेत आणि मी सनदी लेखापाल आहे; म्हणजे होते, असे म्हणायला हवे. अधिकाऱ्याच्या जोडीदाराला परदेशी नोकरी करायची तर बहुतेक ठिकाणी त्या देशाशी तसा करार असावा लागतो, आणि परवानगी मिळाली तरी व्यवसायाचा स्थानिक परवाना वेगळा. डॉक्टरांना तर बऱ्याच देशांत नव्याने परीक्षा द्याव्या लागतात, आणि त्या होईपर्यंत बदलीचा आदेश हातात पडतो. मुलांच्या दहावीच्या वर्षी बदली आली की घरात काय होते, ते लिहीत नाही. स्त्री अधिकाऱ्यांच्या बाबतीत तर या सेवेने राजीनामा नियमातच लिहून ठेवला होता: विवाहापूर्वी लेखी परवानगी घ्यायची, आणि संसारामुळे कामात अडथळा येतो असे सरकारला वाटले तर पद सोडायचे. पुरुषांना अशी अट नव्हती. १९४९ मध्ये सेवेत आलेल्या सी. बी. मुथम्मा बढती नाकारल्यावर सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९७९ मध्ये निकाल लागला तेव्हा हा नियम रद्द करत असल्याचे सरकारने न्यायालयाला सांगितले होते, तरी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याची खरडपट्टी काढलीच. नियम गेला, पण जोडीदाराने आपले काम सोडून मागे यावे ही अपेक्षा गेलेली नाही, आणि स्त्री अधिकाऱ्याच्या पतीकडून ती पूर्ण होणे आणखी अवघड.

पोटोमॅकतीर
थोडे अवांतर. अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेत ठरावीक मुदतीत बढती मिळाली नाही तर बाहेर पडावे लागते, त्यामुळे तेथे गळती हा व्यवस्थेचाच भाग आहे. तरीही २०१७ मध्ये तेथील अधिकाऱ्यांच्या संघटनेने जाहीर धोक्याची सूचना दिली, कारण सर्वोच्च श्रेणीतील ‘करिअर ॲम्बॅसडर’ पाचांवरून दोनांवर आले होते आणि नवी भरती गोठवलेली होती. जुलै २०२५ मध्ये तर २४६ परराष्ट्र सेवा अधिकाऱ्यांना कपातीच्या नोटिसा मिळाल्या. आपल्याकडे असे होत नाही, मात्र वरच्या पातळीवरची नाराजी आहेच. २००६ मध्ये शिवशंकर मेनन परराष्ट्र सचिव झाले तेव्हा त्यांच्याहून ज्येष्ठ असे अनेक अधिकारी डावलले गेले होते. तिशी-पस्तिशीतल्या अधिकाऱ्याच्या राजीनाम्याशी मात्र याचा फारसा संबंध नसावा. तेथे मला मुक्काम पोस्ट यांचेच कारण पटते.

कृष्णाकाठ
सर्वांचे आभार. नाहीच जमले, तर नोकरीत राहून पुन्हा परीक्षा देता येईल का?

टपालथैली
नाही. प्रशासकीय किंवा परराष्ट्र सेवेत रुजू झाल्यावर, त्या सेवेत असेपर्यंत नागरी सेवा परीक्षेला पुन्हा बसता येत नाही. आधी राजीनामा द्यावा लागतो. डॉक्टरसाहेबांशी काय बोलायचे ते पसंतीक्रम पाठवण्यापूर्वीच बोलून घ्यावे, कारण एकदा पाठवलेला क्रम आयोग बदलू देत नाही.