फ्रिज पोहोचवताना जिना आणि फरशीचे नुकसान झाले: योग्य भरपाई किती आणि कोणाकडे मागावी?

नमस्कार मंडळी,

ग्राहक कायदा किंवा बांधकाम यांपैकी कशाचाही प्रत्यक्ष अनुभव असलेल्या सदस्यांचे मार्गदर्शन हवे आहे. प्रश्न लांबला आहे, पण तपशील गाळले तर उत्तरेही मोघमच येतील.

नाशिकला आमचे स्वतःचे रो-हाऊस आहे. खाली वाहनतळ आणि एक खोली, आणि स्वयंपाकघरासह सगळा राबता पहिल्या मजल्यावर, अशी त्याची रचना आहे. बंगळुरूला असणाऱ्या माझ्या धाकट्या भावाने आई-वडिलांसाठी एका मोठ्या ऑनलाइन विक्री संकेतस्थळावरून ₹७८,००० चा दोन दारांचा फ्रिज मागवला. पैसे त्याच्या खात्यातून गेले आणि बिलही त्याच्याच नावाचे आहे. पत्ता मात्र वडिलांचा आहे. मागणी नोंदवताना पत्त्याखाली ‘पहिला मजला, लिफ्ट नाही’ असे त्याने लिहिले होते आणि आदल्या दिवशी पोहोचवणाऱ्या कंपनीचा फोन आला तेव्हा मीही ते पुन्हा सांगितले होते.

असे असूनही एवढा मोठा फ्रिज घेऊन टेम्पोबरोबर दोनच मुले आली. त्यांच्याकडे ना पट्टा होता, ना ट्रॉली. जिन्याच्या वळणावर खालच्या मुलाचा हात सुटला आणि फ्रिज कोपऱ्यावर आपटत दोन पायऱ्या खाली आला. जाड थर्माकोलमुळे फ्रिजला काही झाले नाही, पायऱ्यांचे मात्र व्हायचे ते झाले. काळ्या ग्रॅनाइटच्या दोन्ही पायऱ्यांच्या गोल केलेल्या कडेचे टवके उडाले असून वरच्या पायरीला आरपार तडा गेला आहे. तिच्यावर पाय ठेवला की ती किंचित डुगडुगते आणि बोटाने ठोकले तर पोकळ आवाज येतो. स्टीलच्या कठड्याचे दोन उभे दांडे वाकले आणि एकाची बुडाशी असलेली चकती फरशीतून उचकटून वर आली. पुढे हॉलमधून नेताना पॅकिंगच्या लाकडी पाटासकट फ्रिज ओढला गेला आणि पाटातून बाहेर आलेल्या खिळ्याने दोन व्हिट्रिफाइड फरश्यांवर हातभर लांबीचा ओरखडा काढला. त्यांपैकी एकीचा कोपराही फुटला. वडील ७४ वर्षांचे आहेत आणि त्याच कठड्याला धरून जिना चढतात, त्यामुळे हा केवळ दिसण्याचा प्रश्न नाही.

फोटो आणि चित्रफीत मुलांसमोरच घेतली. त्यांनी त्यांच्या पर्यवेक्षकाला फोन लावून घडलेले सांगितले, तेही ध्वनिमुद्रित आहे. खरे तर ती मुले प्रामाणिक होती.

त्यानंतर सुरू झाली ती टोलवाटोलवी. संकेतस्थळ म्हणते की विक्रेता वेगळा आहे. विक्रेता म्हणतो की वाहतुकीशी आमचा संबंध नाही. वाहतूक कंपनी म्हणते की नाशिकचे काम स्थानिक कंत्राटदाराकडे दिले आहे. आणि कंत्राटदार म्हणतो की फार तर त्या मुलांच्या पगारातून काही कापून देतो. ग्राहक सेवेचा आणखी एक युक्तिवाद असा की, माल स्वीकारताना आम्ही ओटीपी दिला, म्हणजे सर्व काही सुस्थितीत मिळाल्याचे मान्य केले. शेवटी ‘सदिच्छा’ म्हणून भावाच्या वॉलेटमध्ये ₹५,००० जमा करण्याची तयारी त्यांनी दाखवली आहे, परंतु त्यासाठी ‘तक्रारीचे पूर्ण समाधान झाले’ असे ईमेलवर कळवावे लागेल.

दुरुस्तीचा खर्च काढला तो असा: दोन पायऱ्या काढून नव्या बसवणे ₹९,५००, कठडा सरळ करून पुन्हा पक्का करणे ₹६,०००. खरी अडचण फरशीची आहे. हॉल साधारण ३०० चौरस फुटांचा आहे, फरशी ११ वर्षांपूर्वीची आहे आणि तो नमुना आता बाजारात मिळत नाही. दोनच फरश्या वेगळ्या रंगाच्या बसवल्या तर ₹३,००० मध्ये भागते, पण दारातून आत पाऊल टाकताच डोळ्यांत खुपेल असे ठिगळ कायमचे राहील. सगळा हॉल बदलायचा तर जुनी फरशी फोडणे, राडारोडा उचलणे, नवी फरशी आणि मजुरी धरून ₹६०,००० च्या पुढे खर्च जातो.

या व्यवहारात मला कमाई करायची नाही, आणि पदरचे घालण्याचीही इच्छा नाही. म्हणून विचारतो, की अशा वेळी न्याय्य रक्कम कोणती समजावी आणि ११ वर्षांच्या वापरापोटी त्यातून काही वजा होते का? दावा या चौघांपैकी कोणावर करावा? खरेदी भावाची आणि घर वडिलांचे, यामुळे काही अडचण येईल का? आणि ओटीपीच्या युक्तिवादात काही तथ्य आहे का?

प्रतिसाद: नाशिककर वकील

ग्राहक आयोगात नियमित काम करतो, त्यामुळे प्रथम कायद्याची बाजू सांगतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये कलम २(११) खाली ‘सेवेतील त्रुटी’ची जी व्याख्या आहे, तिच्यात सेवा देणाऱ्याच्या ज्या निष्काळजीपणामुळे ग्राहकाचे नुकसान होते, त्या निष्काळजीपणाचा स्पष्ट समावेश आहे. फ्रिज धडधाकट आहे, हे उत्तर म्हणूनच गैरलागू ठरते. तुमची तक्रार फ्रिजबद्दल नसून तो पोहोचवण्याच्या पद्धतीबद्दल आहे. ओटीपीचेही तसेच. तो वस्तू मिळाल्याची पोच आहे, जिना शाबूत असल्याचा दाखला नव्हे.

भाऊ आणि वडील यांच्याबद्दलची शंका रास्त आहे, पण अडचण मोठी नाही. ‘ग्राहक’ या व्याख्येत पैसे देणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणारा आणि सेवेचा लाभार्थी हे दोघेही येतात. मी तुमच्या जागी असतो तर भावाला पहिला आणि वडिलांना दुसरा तक्रारदार केले असते, म्हणजे खरेदीची बाजू आणि घराच्या मालकीची बाजू दोन्ही एकाच अर्जात बसतात. कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जेथे राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, तेव्हा कंपनीचे मुख्यालय कोठेही असले तरी नाशिकचा जिल्हा आयोग चालेल.

कोणावर दावा करावा, याचे उत्तर माझ्या मते सोपे आहे: संकेतस्थळ, विक्रेता आणि वाहतूक कंपनी या तिघांनाही विरुद्ध पक्ष करा. कंत्राटदाराचे नाव आणि पत्ता मिळाला तर त्यालाही. त्यांच्यातल्या करारात कोणी कोणाची जोखीम घेतली आहे हे शोधून काढणे तुमचे काम नाही. ते आयोगासमोर आपसांत काय भांडायचे ते भांडतील. विक्रेत्याचा पूर्ण पत्ता लेखी मागा. ई-कॉमर्स नियम २०२० नुसार खरेदीदाराने लेखी मागणी केल्यास संकेतस्थळाला तो द्यावाच लागतो, म्हणून ही मागणी भावाच्या ईमेलवरून जाऊ द्या. त्याच नियमांप्रमाणे त्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देणे आणि एका महिन्यात तक्रारीचा निपटारा करणे बंधनकारक आहे. ग्राहक सेवेच्या चॅटवर वेळ घालवू नका, थेट या अधिकाऱ्याला लिहा. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. तेथे आदेश होत नाहीत, पण मोठ्या कंपन्या त्या नोंदीला बऱ्याचदा उत्तर देतात.

त्यानेही काम झाले नाही तर ग्राहक आयोगांच्या ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरून तक्रार दाखल करता येते. खरेदीसाठी मोजलेली रक्कम ₹५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत घटनेपासून दोन वर्षांची आहे. फोटो आणि ध्वनिमुद्रणाच्या मूळ फाइली फोनमध्ये आहेत तशाच जपा, कारण व्हॉट्सअॅपवरून आलेल्या प्रतीत मूळ तारीख-वेळेची माहिती टिकत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे या इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्रही जोडावे लागेल. नमुना अधिनियमातच दिलेला आहे.

प्रतिसाद: गवंडीबाबा

वकीलसाहेबांनी कायदा सांगितला, मी फरशीचे सांगतो. बांधकामाची कामे घेण्यात माझी वीसेक वर्षे गेली आहेत.

पायरी डुगडुगते आणि पोकळ वाजते म्हणजे खालचा मसाला सुटला आहे. तेथे नुसते इपॉक्सी भरून पॉलिश मारून देतो असे कोणी म्हणाले तर ऐकू नका, पायरी काढूनच बसवावी लागेल. ग्रॅनाइटला झीज अशी फारशी नसतेच, त्यामुळे पायऱ्या आणि कठडा यांच्या खर्चातून वापरापोटी एक रुपयाही वजा होऊ देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

फरशीबाबत मात्र थोडा वेगळा विचार करा. आधी माळ्यावर, गच्चीवरच्या खोलीत, जिन्याखाली जुन्या फरशीचा खोका उरला आहे का ते पाहा. घर बांधताना चार-सहा नग बहुतेक सगळेच ठेवतात. खोक्यावर शेड आणि बॅच क्रमांक छापलेला असतो. तो मिळाला तर जुना माल पडून असलेल्या दुकानांत विचारता येते. दिवाणाखालची किंवा कपाटामागची फरशी काढून हॉलमध्ये बसवण्याची युक्ती कोणी सुचवेल, पण सिमेंटच्या मसाल्यात बसवलेली व्हिट्रिफाइड फरशी अखंड निघणे कठीण असते. दहा फोडाल तेव्हा कदाचित दोन हाती लागतील.

काहीच मिळाले नाही, तर सगळ्या हॉलचा खर्च मागा, पण ११ वर्षांच्या फरशीच्या जागी कोरी फरशी येणार, म्हणजे तुमचाही काही फायदा होणार, हे समोरचा म्हणणारच. तेव्हा आपणच आधी त्याच दर्जाच्या फरशीचा भाव धरावा, महागडा नमुना निवडू नये. दोन वेगवेगळ्या ठेकेदारांकडून जीएसटी क्रमांक असलेल्या लेटरहेडवर अंदाजपत्रक घ्या आणि त्यात प्रत्येक काम वेगळ्या ओळीत लिहून घ्या. ‘एकूण दुरुस्ती ₹७५,०००’ अशा एका ओळीच्या कागदाला कोणी विचारत नाही. जुना नमुना आता मिळत नाही, हे एखाद्या फरशी विक्रेत्याकडून लेखी घेतलेत तर उत्तमच.

प्रतिसाद: व्यवहारी

मी थोडे विरुद्ध बोलतो. ₹५,००० घ्या, वरचे पैसे स्वतः घाला आणि मोकळे व्हा. आयोगात तारखांमागून तारखा पडतात. आई-वडिलांना त्या जिन्यावरून रोज ये-जा करायची आहे.

प्रतिसाद: नाशिककर वकील

व्यवहारी यांचे म्हणणे निम्मे खरे आहे. कायद्यात तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा असली, तरी प्रत्यक्षात वेळ बराच जास्त लागतो. पण म्हणून जिना तसाच ठेवायचा नसतो. सविस्तर फोटो काढा, पायरीची लांबी-रुंदी आणि तडा मोजपट्टी लावून दाखवा, दुरुस्ती अमुक तारखेला सुरू करत आहोत, तत्पूर्वी पाहणी करायची असल्यास करावी, असे तिन्ही पक्षांना ईमेलने कळवा आणि काम उरकून घ्या. पावती जोडली की नुकसान प्रत्यक्ष खर्चाच्या रूपाने सिद्ध होते, जे अंदाजपत्रकापेक्षा केव्हाही भक्कम असते. फुटलेले तुकडे टाकून देऊ नका.

मागणी मांडताना गवंडीबाबांच्या सल्ल्याप्रमाणे पायऱ्या आणि कठडा यांची रक्कम ठाम ठेवा. फरशीसाठी मुख्य मागणी संपूर्ण हॉलची आणि ती मान्य न झाल्यास पर्यायी मागणी दोन फरश्यांचा खर्च अधिक घराच्या दिसण्यात आलेल्या उणिवेची भरपाई, अशी ठेवा. मनस्ताप आणि तक्रारीचा खर्च वेगळा मागता येतो, पण तेथे लाखाचा आकडा टाकू नका. त्याने मूळ मागणीवरचाच विश्वास कमी होतो. वकिलाची गरज नाही असे वाटत असेल तर नाशिकमधील ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांकडेही चौकशी करा; १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात सुरू केलेल्या या चळवळीत अर्ज लिहायला मदत करणारी माणसे अजूनही भेटतात.

धागाकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गवंडीबाबा, गच्चीवरच्या खोलीत खरोखरच एक खोका सापडला. आत एकच फरशी आहे, परंतु बॅच क्रमांक वाचता येतो. दुकानांत चौकशी सुरू करतो.

दोन शंका उरल्या. कंत्राटदाराने त्या मुलांचे पैसे कापू नयेत असे आम्हाला मनापासून वाटते. त्यासाठी काही करता येईल का? आणि आज सकाळी भावाच्या वॉलेटमध्ये ते ₹५,००० आम्ही काही कळवण्याआधीच जमा झालेले दिसले. ते वापरले तर हक्क जातो का?

प्रतिसाद: नाशिककर वकील

नोकराने कामाच्या ओघात केलेल्या निष्काळजीपणाची जबाबदारी मालकावर येते, म्हणून मुलांना पक्षकार करू नका आणि अर्जात त्यांची नावे घेऊन दोषही देऊ नका. अवजड वस्तूसाठी दोनच माणसे आणि तीही पट्ट्याविना पाठवली, लिफ्ट नसल्याची लेखी सूचना असूनही पाठवली, हा दोष व्यवस्थापनाचा आहे, असेच लिहा. ते सत्यही आहे आणि तुमच्या बाजूने अधिक बळकटही.

वॉलेटमधील रकमेला सध्या हात लावू नका. भावाच्या ईमेलवरून आजच कळवा, की ही रक्कम आमच्या संमतीशिवाय जमा झाली असून ती संपूर्ण व अंतिम तडजोड म्हणून आम्हाला मान्य नाही. कंपनीने ती परत घ्यावी किंवा एकूण मागणीतून वळती करावी. त्या ईमेलची प्रत तक्रार निवारण अधिकाऱ्यालाही पाठवा. आणि ‘समाधान झाले का?’ असे विचारणारा संदेश किंवा दुवा आला, तर त्यावरचे ‘हो’ चुकूनही दाबू नका. भावालाही हे आजच फोन करून सांगा, कारण तो संदेश त्याच्याच मोबाइलवर येणार आहे.